घर-जागेचा ऑनलाइन शोध : बेळगाव परिसरात या चुका टाळा

पुण्यात स्थायिक झालेल्या माझ्या थोरल्या भावाने निवृत्तीनंतर बेळगावला परत यायचे ठरवले आणि तिथूनच घरांच्या जाहिराती पाहायला सुरुवात केली. पहिल्याच रात्री त्याचा फोन आला. "सदाशिवनगरात साधा दोन बेडरूमचा फ्लॅट कोटीच्या वर कधी गेला रे?" असे विचारताना त्याचा आवाज खचलेला होता. त्याने शोधाच्या चौकटीत नुसते 'सदाशिवनगर' लिहिले होते आणि समोर आलेली सगळी घरे बेंगळूरच्या सदाशिवनगरातली होती. पुढचे चार महिने आम्ही दोघांनी मिळून शोध घेतला. त्यात आमच्याकडून ज्या चुका झाल्या, त्याच इथे घर शोधणाऱ्या इतरांकडूनही होताना मी पाहतो.

नावांची गफलत

मोठ्या शहरातल्या जाहिराती संख्येने जास्त असल्यामुळे घर शोधण्याची संकेतस्थळे आणि अ‍ॅप ही साधने त्यांना सहज पुढे आणतात. सदाशिवनगर आणि विजयनगर बेंगळूरलाही आहेत, आणि शहापूर म्हटले की यादगिरी जिल्ह्यातले शहापूरही समोर येऊ शकते. म्हणून आधी शहर निवडून घ्यावे, मगच उपनगराचे नाव लिहावे आणि निकालांच्या वर कोणत्या शहराचे नाव दिसते ते दर वेळी वाचावे.

शहराचे नावही एक राहिलेले नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरात 'बेळगावी' आले, तरी कित्येक मालक इंग्रजीत अजून 'बेलगाम' असेच लिहितात. काही संकेतस्थळे ही दोन्ही नावे एकच धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे दोन्ही नावांनी शोध घेतल्याशिवाय "बेळगावात काही मिळतच नाही" असा निष्कर्ष काढू नये. वडगाव कुणी 'व्ही'ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू'ने, तर कुणी कन्नड वळणाने 'वडगावी' लिहितो. अनगोळचीही तीच कथा आहे. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत, पण यादीत अनेकदा नुसते 'कंग्राळी' असते. अशा वेळी पिनकोड टाकून पाहावा, कारण आकड्याला स्पेलिंग नसते. टिळकवाडीसाठी ५९०००६ टाकल्यावर आम्हाला नावाने न सापडलेल्या जाहिराती दिसल्या.

नकाशावरच्या पिनेवर विश्वास

सर्वांत जास्त वेळ आणि पेट्रोल याच चुकीने खाल्ले. हिंडलग्यात तीस बाय चाळीसचा प्लॉट असल्याची जाहिरात आम्ही पाहिली, परंतु नकाशावरची पिन राणी चन्नम्मा चौकात होती. जाहिरात देणाऱ्याने नेमका पत्ता भरला नाही, तर अनेक साधने पिन शहराच्या किंवा उपनगराच्या मध्यावर रोवून टाकतात, आणि 'स्टेशनपासून इतकी मिनिटे', 'दवाखाना इतक्या अंतरावर' हे सगळे त्या पिनेपासून मोजले जाते. त्यामुळे पिन चुकली की त्याखालचा एकही आकडा खरा राहत नाही.

आम्ही जागेवर गेलो. एजंट हिंडलगा गाव मागे टाकून बराच पुढे घेऊन गेला आणि एका शेतात थांबला. तिथे चुना लावलेले दगड ओळीने पुरले होते आणि मधल्या वाटेवर खडी पसरली होती. मी मोबाइलवर 'दिशांक' उघडले. कर्नाटक सरकारचे हे अ‍ॅप आपण उभे असलेल्या जागेचा सर्व्हे नंबर आणि गाव दाखवते. त्यात आलेला नंबर जाहिरातीतल्या नंबरशी जुळत नव्हता, गावही पुढचे होते, आणि उतारा पाहिला तेव्हा जमीन बिनशेती झालेलीच नव्हती. एजंट म्हणाला, "बॉण्डवर करून देतो, सगळे तसेच घेतात." म्हणजे नोंदणी न करता नुसत्या मुद्रांक कागदावर. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही, हे माहीत असल्यामुळे आम्ही तिथूनच परत फिरलो, पण अशा जागेवर आयुष्यभराची पुंजी घातलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांची आठवण झाली की आजही पोटात कालवते. प्लॉटची जाहिरात आवडल्यास गाडी काढण्यापूर्वीच फोनवर सर्व्हे नंबर, जागेचे लाइव्ह लोकेशन आणि उताऱ्याचा फोटो मागावा. ग्रामपंचायत हद्दीतल्या घरासाठी वा प्लॉटसाठी ई-स्वत्तुचा (ग्रामपंचायतीतल्या मालमत्तांच्या कर्नाटकातल्या ऑनलाइन नोंदीचा) नमुना ९ आणि ११ आहे का, तेही विचारावे. जो फोनवर टाळाटाळ करतो, तो जागेवर आल्यानंतर उत्तर देईल असे समजू नये.

सीमेवर राहणाऱ्यांना यात आणखी एक अडचण येते. नकाशावर वर्तुळ काढून शोध घेतला की ते वर्तुळ राज्याची हद्द पाहत नाही. वेंगुर्ला रस्त्याने बाचीच्या पुढे शिनोळी लागते आणि ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात आहे. निपाणीकरांच्या बाबतीत कागलकडच्या जागा अशाच मिसळून येतात. पलीकडे सातबारा, महारेरा (रेरा म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) आणि महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क, तर अलीकडे कन्नडमधला उतारा, 'कावेरी' या ऑनलाइन प्रणालीवरची दस्तनोंदणी आणि कर्नाटक रेरा, असा सगळाच कारभार वेगळा आहे. शेतजमिनीच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो: कर्नाटकाने २०२० च्या दुरुस्तीने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्याची वाट मोकळी केली, महाराष्ट्रात मात्र खरेदीदार शेतकरी असावाच लागतो. जाहिरातीत 'बेळगावजवळ' एवढेच लिहिलेले असते, म्हणून तालुका आणि जिल्हा विचारल्याशिवाय दराची तुलना करू नये.

सगळे फिल्टर एकदम लावणे

भावाने पहिल्या दिवसापासून पार्किंग, लिफ्ट, पूर्वाभिमुख, पंधरा वर्षांच्या आतले बांधकाम, अमुक किमतीच्या आत, असे सगळे फिल्टर लावून ठेवले होते आणि हाती दोन-तीन निकाल येत होते. फिल्टर अनेकदा नको असलेल्या घरांबरोबर ज्यांची माहिती भरलेलीच नाही अशी घरेही गाळून टाकतो. बेळगावातला घरमालक बहुधा स्वतःच मोबाइलवरून जाहिरात टाकतो, चार रकाने भरतो आणि बाकीचे सोडून देतो. किमतीच्या जागी 'फोन करा' लिहितो किंवा नुसता एक रुपया टाकतो. आम्ही शेवटी जे घर घेतले ते दोन महिने त्याच संकेतस्थळावर होते. किमतीचा रकाना रिकामा असल्याने ते आमच्या यादीत कधीच आले नाही. एके दिवशी किमतीचा फिल्टर काढून मी मजकुराच्या शोधात इंग्रजीतून 'सेकंड गेट' लिहिले, कारण टिळकवाडीतला माणूस पत्ता सांगताना रेल्वे गेटचाच आधार घेतो, आणि ते घर समोर आले. आधी फक्त शहर आणि भाड्याने की विकत एवढेच ठेवावे, निकाल पन्नासच्या आसपास येईपर्यंत एकेक फिल्टर वाढवावा, आणि एखादा फिल्टर लावल्यावर संख्या एकदम कोसळली तर तो काढून टाकावा.

क्षेत्रफळाच्या रकान्यातही हेच घडते. गुंठ्यात बोलणारा मालक 'दोन' लिहितो आणि एकक बदलायला विसरतो, मग साधन तो प्लॉट दोन चौरस फुटांचा दाखवते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तीस बाय चाळीसचा प्लॉट म्हणजे १,२०० चौरस फूट, सुमारे १.१ गुंठा किंवा १३३ चौरस यार्ड. हे आकडे कागदावर लिहून जवळ ठेवावेत. फ्लॅट असेल तर दर कार्पेट क्षेत्रावर (घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर) आहे की सुपर बिल्ट-अपवर (जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटा धरून), हे विचारून घ्यावे.

क्रम, तारीख आणि रेरा क्रमांक

निकालांच्या 'सुसंगत' (रिलेव्हन्स) या क्रमात पैसे भरलेल्या जाहिराती वर येऊ शकतात, म्हणून 'नवीन आधी' हा क्रम लावावा; तरीही तारखेवर विसंबू नये, कारण जाहिरातीचे नूतनीकरण केले की अनेक ठिकाणी तारीख बदलते. एकच घर चार एजंटांनी चार किमतींना टाकलेले असते. खिडकीचे ग्रील, फरशीची नक्षी, बाहेरची विजेची पेटी हे फोटोत जुळवून पाहिले की ते ओळखू येते.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट किंवा प्लॉट असतील, तर २०१६ च्या कायद्यानुसार नवीन प्रकल्पाची रेराकडे नोंदणी लागते आणि जाहिरातीत तो क्रमांक देणे बंधनकारक आहे. तो क्रमांक कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. सहा फ्लॅटच्या छोट्या इमारतीला क्रमांक नसणे यात गैर नाही. प्लॉट पाडलेल्या मोठ्या लेआउटला नसेल तर तिथे थांबावे.

आपला नंबर आणि आपले पैसे

'मालकाचा नंबर पाहा' हे बटण दाबताच आपला नंबरही एजंटांकडे जाऊ शकतो. भावाला पुढचे कित्येक आठवडे पुणे-बेंगळूरच्या प्रकल्पांचे फोन येत होते. या कामासाठी वेगळे सिम घेतलेले बरे.

भाड्याच्या घरांबाबत एक फसवणूक जुनी असूनही अजून चालते. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव असल्याने लष्कराचे नाव ऐकले की आपण निश्चिंत होतो. "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, घर दाखवता येणार नाही, टोकन पाठवा, लगेच परत येईल," असे सांगून क्यूआर कोड पाठवला जातो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. घर आतून पाहिल्याशिवाय, आणि ज्याच्या नावावर घर आहे तो वा त्याने लेखी अधिकार दिलेला माणूस समोर बसल्याशिवाय, एक रुपयाही देऊ नये. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त असते.