इंग्लंडात क्रोन्स-कोलायटिस घेऊन येताय? आधी गोळ्या, मग पथ्य

क्रोन्स किंवा कोलायटिस (आतड्याला वारंवार सूज येणारे जुनाट आजार) घेऊन इथे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न 'खायचं काय?' हा असतो. त्याआधी औषधाचं बघा. निघताना निदान तीन महिन्यांच्या गोळ्या चिठ्ठीसकट आणा आणि पोहोचल्या आठवड्यात जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. स्पेशालिस्टची भेट मिळायला बरेचदा महिने लागतात. मधल्या काळात गोळ्या संपतात आणि 'पथ्य पाळतोय, बरंही वाटतंय' म्हणून आपली माणसं मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारी गोळी) सोडून देतात. नका सोडू. बरं वाटतंय ते बहुधा त्या गोळीमुळेच. मऊ भाताने मुरडा कमी होईल, आतड्याची सूज उतरणार नाही. इथे त्याच औषधाला मेसालाझिन म्हणतात, म्हणून 'वेगळंच दिलं' समजून डबी बाजूला ठेवू नका.

कोलोनोस्कोपी-बायॉप्सीचे रिपोर्ट आणा. भारतात आधी आतड्याचा टीबी समजून एकेटी (टीबीची औषधं) दिली असेल तर तेही सांगा. बायॉलॉजिक (प्रतिकारशक्ती आवरून सूज उतरवणारी इंजेक्शनं) सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते.

आता खाणं. पोट बिघडलं की लगेच जेवणाला दोष देऊ नका. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी मागा, सूज आहे की नुसता गॅस याचा अंदाज त्यातून येतो.

गॅस आणि मुरड्यामागे आपल्याकडे बरेचदा कांदा-लसूण असतो. त्यातले फ्रुक्टन (पचायला जड, गॅस करणारे घटक) पाण्यात उतरतात, तेलात नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात बदामी करा, काढून टाका आणि त्याच तेलात मोहरी-हिंगाची फोडणी द्या. वास येतो, त्रास बराच कमी होतो. हे तेल मात्र रोज ताजं करा, साठवू नका. पाकिटावर गहू, दूध अशी १४ अ‍ॅलर्जीची नावं ठळक छापतात, कांदा-लसणाची पूड त्यात नाही. सूप, सॉसेज, ग्रेव्ही, स्टॉक क्यूब घेताना बारीक अक्षरं वाचा. शुगर-फ्री च्युइंगममधलं सॉर्बिटॉलही जुलाब करतं.

दूध सोसत नसेल तर लॅक्टोज-फ्री दूध सगळीकडे मिळतं, त्याचं दहीही लागतं.

फ्लेअरमध्ये (आजार उसळतो तेव्हा) गुरगुट्या भात: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी धुतलेली मूगडाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ, वरून चमचाभर तूप. मेतकूट नको. दुधी सोलून, बिया काढून. आतडं अरुंद झालं असेल तर मक्याचे दाणे, ओलं खोबरं, अख्खे शेंगदाणे आणि संत्र्याचे पांढरे धागे टाळा.

बरं वाटल्यावर एकेक पदार्थ परत आणा: पहिल्या दिवशी पाव वाटी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक, आणि वहीत नोंद. दहा पदार्थ कायमचे बंद करून वजन घालवलेले लोक मंडळात भेटतात. तेच हळदीच्या कॅप्सूलही सुचवतात. त्यांचं ऐकू नका, डाएटिशियन मागून घ्या.

अंगदुखीला सुपरमार्केटातली आयबुप्रोफेन नको, तिने फ्लेअर येऊ शकतो. पॅरासिटामॉल घ्या. हिवाळ्यात ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम.

आयबीडी (क्रोन्स-कोलायटिसचं इथलं एकत्र नाव) नर्सचा फोन नंबर पहिल्याच भेटीत घ्या. आपण लाजून 'पोट जरा बिघडलंय' म्हणतो आणि समोरच्याला काहीच कळत नाही. आकडे सांगा: दिवसातून किती वेळा, रात्री किती वेळा उठावं लागतं, रक्त किती वेळा पडतं. दिवसात सहा किंवा जास्त वेळा शौचातून रक्त पडत असेल आणि ताप असेल तर फोनची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.