'हा', 'ही', 'हे': एक्झोफोरावर पहिला प्रकल्प करणाऱ्यांसाठी

भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला नव्याने आलेल्यांनी प्रकल्पासाठी विषय विचारला की मी एक्झोफोरा सुचवते. सर्वनाम कशाबद्दल आहे हे मजकुरात सापडत नाही, समोरच्या परिस्थितीत सापडतं, तो हा प्रकार. हॅलिडे आणि हसन या भाषावैज्ञानिकांनी १९७६ मध्ये याची मांडणी केली. आधी येऊन गेलेल्या शब्दाशी जोडणारा संदर्भ मजकूर बांधून ठेवतो, बाहेर बोट दाखवणारा बांधत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मराठीत हे जरा गुंतागुंतीचं होतं, कारण 'तो, ती, ते' ही आपली तृतीयपुरुषी सर्वनामंही आणि दर्शक सर्वनामंही. मी बाजारातली संभाषणं घ्यायचे. त्यातलं एक पाहा:

"ही कशी?"
"साठ रुपये किलो. हा बघा की, आजच आलाय."

नाव कोणीच घेतलेलं नाही. पण 'ही' म्हणजे कैरी, 'हा' म्हणजे आंबा. फळ एकाच झाडाचं, तरी सर्वनामाने मनातल्या नामाचं लिंग उचललं! म्हणजे बोट वस्तूकडे असलं तरी मध्ये भाषा आहेच. फ्रेंचमध्येही असंच होतं, आणि सर्वनाम थेट वस्तूकडे जातं की मनातल्या नामामार्फत, यावर १९८० च्या दशकापासून वाद चालू आहे. मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

नुसतं ध्वनिमुद्रण मात्र या कामाला पुरत नाही. परवानगी घेऊन व्हिडिओ करा. तेही जमलं नाही तर कोण कुठे उभं होतं, बोट कुठे होतं, नजर कुठे होती हे तिथल्या तिथे वहीत लिहा. संध्याकाळी आठवत नाही. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेची दर्शक सर्वनामांसाठी १९९९ ची एक प्रश्नावली आहे, त्यात २५ प्रसंग आहेत. सुरुवातीला तीच वापरा, स्वतःची बनवण्यात वेळ घालवू नका.

आणि शक्य असेल तर पावसाळ्यात जा. रानभाज्या येतात तेव्हा शहरातल्या गिऱ्हाइकाला नावं ठाऊक नसतात, म्हणून प्रश्न नपुंसकलिंगात येतो: "हे काय आहे?" भाजीवाली "टाकळा" म्हणते, आणि पुढचाच प्रश्न असतो, "हा कसा करायचा?"