स्क्रीन लावायची ती आपल्या डोळ्याच्या मापाने

फोटोंचे रंग दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. नवा मॉनिटर लावला की पांढरं पान उघडते आणि टूथपिकच्या टोकाने स्क्रीनच्या मध्यावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवते. थेंब भिंगाचं काम करतो: खाली लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या दिसतात, पांढरं काहीच नसतं. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या, म्हणून तीन रंगांवर सगळं भागतं. बऱ्याच ओएलईडी फोनमध्ये हिरवे ठिपके लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात, कारण बारकावे टिपताना हिरव्याची मदत सगळ्यात जास्त, निळ्याची फारच थोडी. नजरेच्या ऐन केंद्रात निळ्या शंकुपेशी नसतातच. (थेंब लगेच मऊ कापडाने टिपून घ्या.)

आता अंतर. 6/6 नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. त्यामुळे किती दूर बसायचं याचा हिशेब सोपा: स्क्रीनची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, आडव्या पिक्सेलच्या संख्येने भागा, 3438 ने गुणा; अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. 24 इंची फुल एचडी मॉनिटरला उत्तर येतं सुमारे 95 सेंटिमीटर, 27 इंची फोर-केला सुमारे 53. याहून जवळ बसलात तर अक्षरांच्या कडा खरखरीत दिसू लागतील. 55 इंची टीव्ही सव्वादोन मीटरच्या पलीकडून बघणार असाल, तर फोर-केचे जादा पिक्सेल बहुतेकांच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. ज्यांची नजर 6/6 हून तीक्ष्ण, त्यांनी थोडं आणखी मागे सरकावं.

ब्राइटनेससाठी स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदाइतकंच उजळ ठेवा. व्हाइट पॉइंट, म्हणजे स्क्रीनवरच्या पांढऱ्याची छटा, 6500 केल्विनवर ठेवा. बदल केल्यावर लगेच मत बनवू नका. डोळा स्वतःच नव्या पांढऱ्याशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं द्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाची, आणि सगळ्यात दुर्लक्षित, तपासणी गॅमाची, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा स्क्रीन किती उजळ दाखवते याची. अंधाऱ्या भागातला जरासा फरकही डोळ्याला कळतो, उजळ भागातला तेवढाच फरक कळत नाही. म्हणून 8 बिटांच्या 256 पायऱ्या (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा) समान प्रकाशाच्या नसतात, गडद बाजूला त्या दाट असतात. तपासायला एक चौकोन एकेका पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांनी भरा आणि त्याला लागूनच 186 मूल्याचा सलग करडा चौकोन काढा. झूम 100 टक्के हवा आणि रिझोल्यूशन स्क्रीनचं मूळचंच. मग रेघा एकजीव होईपर्यंत मागे जा. दोन्ही चौकोन सारखे दिसले, तर गॅमा 2.2 च्या आसपास आहे. करडा जास्त उजळ वाटला तर मेनूतला गॅमाचा आकडा वाढवा, गडद वाटला तर कमी करा. हे जुळलं की सावलीतले केस आणि काळ्या कापडाची वीण सुटी दिसायला लागते, आणि त्याचा आनंद मला अजूनही होतो.

शेवटी लुकलुक. खोलीत अंधार करा, ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन्सिल भरभर हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. पेन्सिलीचे सुटे सुटे ठसे दिसले, तर उजेड चालू-बंद करून मंद केला जातोय. ब्राइटनेस हळूहळू वाढवत न्या. ठसे जिथे नाहीसे होतील त्याच्या खाली जाऊ नका, त्याऐवजी खोलीतला दिवा वाढवा.