क्रॉफिश उकडायचे आहेत? भांड्याआधी बर्नर बघा

"ताई, क्रॉफिशसाठी भांडं केवढं घेऊ?" लुइझियानात नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा मार्च-एप्रिलमधला हा ठरलेला प्रश्न. प्रश्न बरोबर आहे, फक्त क्रम उलटा. दुकानात भांडं समोर चकाकत असतं, म्हणून नजर आधी तिकडे जाते. बर्नर बिचारा काळा, ओबडधोबड, खालच्या फळीवर पडलेला. पण पैसे घालायचे ते त्याच्यात.

ज्यांनी अजून खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी: क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली बोटभर शेवंड. अचाफलाया नदीच्या दलदलीत आणि क्रॉली गावाच्या आसपासच्या भातखाचरांत मिळतात. जानेवारीत यायला लागतात, मार्च ते मे ऐन हंगाम, जूनमध्ये आवरतं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी इथली कॅथलिक मंडळी मांस खात नाहीत, त्यामुळे गुड फ्रायडेला तर रांगा लागतात. माल जिवंत मिळतो, जाळीच्या पोत्यात, आणि एका पोत्यात साधारण 30 ते 40 पाउंड भरतात. दर माणशी 3 ते 5 पाउंड धरायचे. ऐकायला अबब वाटतं, पण त्यातलं बहुतेक कवच असतं. खायचं ते शेपटीतलं मांस आणि डोक्यातला पिवळा रस.

आता बर्नर आधी का, ते सांगते. मी बॅटन रूजच्या एका प्लांटमध्ये उष्णतेचे हिशोब करूनच पोट भरते, तेव्हा थोडे आकडे सहन करा. 30 पाउंड क्रॉफिशना सुमारे 10 गॅलन, म्हणजे 38 लिटर पाणी लागतं. ते 70 अंश फॅरनहाइटवरून उकळीला न्यायला पाण्यात जवळजवळ 12,000 बीटीयू उष्णता जावी लागते. उघड्यावर पेटवलेल्या बर्नरची निम्म्याहून जास्त आच भांड्याच्या कडेने निघून जाते. म्हणजे तासाला 1 लाख बीटीयू देणारा बर्नर पंधरा-सोळा मिनिटांत उकळी आणतो, 60,000चा जवळपास अर्धा तास घेतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचा सर्वांत मोठा बर्नर 15 ते 18 हजारांचा. त्यावर पाणी तापवत दोन तास बसाल आणि तरीही नीट उकळी येईल याची खात्री नाही.

पण पहिल्या उकळीसाठी थांबायला कोणाची हरकत नसते, गप्पा मारत बसतो आपण. खरी परीक्षा त्यानंतर. उकळत्या पाण्यात थंडगार 30 पाउंड ओतले की पाणी एकदम 175 अंशांच्या आसपास उतरतं. तिथून पुन्हा उकळी यायला दमदार बर्नरला पाचेक मिनिटं लागतात, मध्यम बर्नरला नऊ-दहा, आणि शेगडीला अर्ध्या तासाच्या वर. शिजायला मात्र उकळी फुटल्यावर दोन-तीन मिनिटं पुरतात. म्हणजे आच कमी असेल तर क्रॉफिश उकळीची वाट बघतानाच शिजून जातात, मग पिठूळ होतात आणि मांस कवचाला चिकटून बसतं. सोलताना शेपटी तुटली की लोक मालाला नावं ठेवतात. माल चांगला असतो, आच कमी पडलेली असते.

बर्नरमध्ये दोन जाती. एक जेट: मधे एकच नळी, एकाग्र ज्वाळा, आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. दुसरा बँजो: बिडाचा, चपटा, भरपूर भोकांचा, त्यामुळे आच तळभर पसरते आणि आवाज बेताचा. जेट तापवतो झटकन, पण रुंद तळाच्या भांड्याला मला बँजोच आवडतो, 10 इंची. खोक्यावरच्या बीटीयूच्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा किती खरा ठरणार हे गॅसचा दाब आवरणारा रेग्युलेटर ठरवतो, आणि तो दाब पीएसआयमध्ये मोजतात. 10 पीएसआयचा रेग्युलेटर लावलेला मोठा बर्नर 20 पीएसआयवाल्याएवढा तापत नाही. 30 पीएसआयचे, लाल गुंडीने कमी-जास्त करता येणारेही मिळतात. मात्र बर्नरला झेपेल असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेवढाच घ्यावा. दुकानात उभ्या उभ्या खोकं उलटं करून पीएसआय वाचा. बायू क्लासिक, किंग कुकर ही इथल्या दुकानांत सहज दिसणारी नावं, दोघांकडेही वेगवेगळ्या ताकदीचे बर्नर आहेत, तेव्हा नुसतं नाव बघून घेण्यात अर्थ नाही.

स्टँडकडे दुर्लक्ष होतं. भरलेलं भांडं सव्वाशे पाउंडांच्या वर जातं. पाय वेल्ड केलेले हवेत, नटबोल्टचे नकोत, आणि वरची कडी भांड्याच्या तळाहून थोडी मोठी. उंची कमीच घ्या. उंच स्टँडवर 80 क्वार्टचं भांडं ठेवलं तर आतली भोकांची टोपली उचलताना हात खांद्याच्या वर जातात आणि उकळतं पाणी कोपरापर्यंत ओघळतं.

आता भांडं. इथे माप क्वार्टमध्ये. एक क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी. बटाटे, मका, लसूण, सॉसेज धरून पाउंडामागे दोन ते अडीच क्वार्ट हिशोब ठेवा. 60 क्वार्टमध्ये पंचवीसेक पाउंड, 80मध्ये 30 ते 35, आणि पूर्ण भरलेलं पोतं एका दमात काढायचं तर 100. एका कुटुंबाने एकदाच घ्यायचं असेल तर 80 घ्यावं. 2023च्या दुष्काळाने तळी कोरडी पडली आणि 2024 मध्ये भाव इतके चढले की लोक पोत्याऐवजी दहा पाउंड घेऊन समाधान मानत होते. मोठ्या भांड्यात थोडे शिजवता येतात, उलटं होत नाही. भरताना भांड्याचा वरचा भाग मोकळा ठेवा. क्रॉफिश पाण्यात गेले की पाणी वर चढतं, आणि ज्वाळेवर उतू गेलं तर बर्नर विझतो, गॅस मात्र चालूच राहतो.

टर्की तळायचा 30 क्वार्टचा सेट घरात पडून असतोच. तो कोळंबीला किंवा दहाएक पाउंड क्रॉफिशना ठीक. पण त्या सेटच्या बऱ्याच बर्नरना तेलाच्या भीतीने टायमर बसवलेला असतो, दर पंधरा मिनिटांनी तो गॅस बंद करतो. मागे वळून बघता तर ज्वाळा गायब.

ॲल्युमिनियम की स्टेनलेस, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. नवऱ्याला स्टेनलेस हवं असतं, कारण ते दिसतं छान आणि टिकतं. माझं मत ॲल्युमिनियमच्या बाजूने, आणि ते स्वस्त आहे म्हणून नव्हे. तिखट-मीठ उकळताना फारसं आत जात नाही, मुरतं ते आच बंद केल्यावर. तेव्हा पाणी लवकर निवायला हवं, नाहीतर क्रॉफिश मुरतानाही शिजत राहतात. गोठवलेला मका किंवा बर्फाची पिशवी त्याच वेळी टाकतात, काही जण बाहेरून भांड्यावर होज मारतात. ॲल्युमिनियम झटकन तापतं आणि झटकन निवतं, आपल्याला नेमकं तेच पाहिजे. वीस ते तीस मिनिटांत क्रॉफिश पाणी पिऊन तळाला जायला लागतात. तरंगत असतील तर अजून वाट बघा. ॲल्युमिनियमचा एक दोष मात्र खरा: लिंबू आणि मीठ असलेलं पाणी रात्रभर आत राहिलं तर आतून खड्डे पडतात. त्याच दिवशी धुवायचं. ज्यांना सकाळपर्यंत भांडी सिंकमध्ये ठेवायची सवय आहे त्यांनी खुशाल स्टेनलेस घ्यावं.

टोपलीची भोकं बारीक नकोत, पाणी दहा सेकंदांत निथळायला हवं. कडी जाड, आणि टोपली भांड्याच्या तळावर न टेकता थोडी वर राहील अशी. नाहीतर खालचे बटाटे करपतात. भरलेली टोपली एकट्याने उचलायचा पराक्रम करू नका. कडीतून जाड लाकडी दांडा घालून दोघांनी उचलायची, आणि वर धरून अर्धा मिनिट तशीच थांबायची. तिसऱ्या माणसाने तेवढ्यात मुलांना लांब ठेवायचं. ढवळायला लांब दांड्याचं लाकडी वल्हं घ्या, हात वाफेत जाता कामा नये. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घ्या, ओव्हनचे कापडी नकोत. ते भिजले की भाजतात.

भांड्याला खाली नळ असलेला प्रकारही मिळतो. मी तो घेत नाही. मोहरीचे दाणे, मिरचीची सालं, मक्याचे केस सगळं त्या नळात जाऊन बसतं, आणि ते काडीने कोरत बसणं हे काम कोणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको.

गॅसबद्दल. 20 पाउंडाचा प्रोपेनचा सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर त्यात सुमारे 4 लाख 30 हजार बीटीयू असतात; बर्नर पूर्ण सोडला तर चारेक तास. बहुतेक अदलाबदलीच्या सिलिंडरमध्ये गॅस थोडा कमीच भरतात. किती उरलाय ते बघायला सिलिंडर ठोकून बघू नका. वरच्या कडीवर टीडब्ल्यू आणि पुढे आकडा ठोकलेला असतो, ते रिकाम्या सिलिंडरचं वजन. बाथरूमच्या काट्यावर सिलिंडर ठेवा, वजनातून तो आकडा वजा करा, उरला तो गॅस. पाच पाउंडांच्या खाली असेल तर दुसरा सिलिंडर आणल्याशिवाय पोत्याचं तोंड सोडू नका. गॅस भराभर निघतो तेव्हा सिलिंडरवर पांढरं दव गोठतं, त्याने घाबरायचं कारण नाही; पण निम्म्याहून रिकाम्या सिलिंडरला असं झालं की आच मंदावते.

सिलिंडरची चावी सावकाश उघडायची. बर्नरची गुंडी आधी बंद, मग चावी हळूहळू. झटकन उघडली की जोडणीतली सुरक्षा झडप गळती समजून गॅस अडवते, मग ज्वाळा मेणबत्तीएवढी राहते आणि माणसं बर्नरला शिव्या देतात. तसं झालं तर सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा हळू उघडा. जोडण्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते दर वेळी बघा. आणि जागा? उघडं, सपाट काँक्रीट, घरापासून दहा फूट तरी लांब. लाकडी डेकवर नाही, पत्र्याच्या कारपोर्टखाली नाही, गॅरेजमध्ये तर दार उघडं ठेवूनही नाही; कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही येत नाही.

"ताई, आम्ही दोघंच आहोत, घरातल्या शेगडीवर नाहीच का होणार?" होईल. 16 क्वार्टचं पातेलं, एका वेळी चार-पाच पाउंड क्रॉफिश, अशा दोन खेपांत. मात्र द्रव मसाला अगदी जपून, आणि एक्झॉस्ट फॅन आधीपासून लावून. त्या वाफेने अख्खं अपार्टमेंट खोकतं. झॅटरॅन्स कंपनीची कोरड्या मसाल्याची पिशवी टाकली तर त्रास थोडा कमी. ही कंपनी मूळची न्यू ऑर्लिन्सची.

एक मोठं टब आणि एक आइस चेस्ट लागतेच. टबात पोतं रिकामं करून होजच्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. मिठाच्या पाण्यात ठेवून त्यांचं पोट साफ होतं ही समजूत आहे, मीठ वाचवा. साचलेल्या पाण्यात तासन्‌तास ठेवलं तर प्राणवायू संपून ते मरतात, म्हणून आइस चेस्ट तळाला बूच असलेली घ्या: बूच काढलेलं, चेस्ट थोडी तिरकी, पोत्यावर ओला गोणपाट आणि बर्फ, वितळलेलं पाणी बाहेर. ज्या चेस्टमधून जिवंत माल आणला तिच्यात शिजलेला माल साबणाने धुतल्याशिवाय ओतायचा नाही, कच्च्यावरचे जंतू शिजलेल्यावर येतात. थर्मोकोलच्या चेस्टमध्ये तर गरम माल मुळीच नाही.

मधे भोक आणि खाली कचऱ्याचा डबा असलेली खास टेबलं विकत मिळतात. हौस असेल तर घ्या. घडीचं टेबल, वर कागद आणि बाजूला दोन डबे, एवढ्यावर काम भागतं. ते डबे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घराजवळ ठेवू नका. दोन पिशव्यांत बांधून, कचऱ्याची गाडी येईपर्यंत कवचं फ्रीझरमध्ये टाकणारे लोक मला माहीत आहेत, आणि मे महिन्यातल्या उकाड्यात ते शहाणे आहेत.

उरलेलं पाणी निवल्यावरच हलवा, 10 गॅलन म्हणजे 83 पाउंड. हिरवळीवर ओतलंत तर त्या मिठाने गवत जळेल. बर्नर पुसून, कोरडा करून, बिडाच्या भागाला तेलाचा हात फिरवून ठेवायचा. होजच्या टोकाला आणि बर्नरच्या हवेच्या नळीला प्लास्टिकची पिशवी बांधा, कारण कोळ्यांना ती नळी फार आवडते. पुढच्या हंगामात ज्वाळा पिवळी आली आणि भांड्याला काजळी धरली, तर बहुधा आत जाळं असतं. लवचिक ब्रशने नळी साफ करा आणि हवेची झडप निळी ज्वाळा येईपर्यंत उघडा.