मोठा टीव्ही घेताना या चुका टाळा, सुरुवात घरच्या लाइनपासून करा

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचा पैसा हातात येतो, मागून कापसाचा येतो, आणि त्या तीन-चार महिन्यांत माझा फोन थांबत नाही. "भाऊ, पासष्ट इंची आणला, लावून द्या." आणण्याआधी विचारणारे वर्षाला चार-पाच जण. दर्यापूर तालुक्यातल्या गावांमध्ये टीव्ही बसवायचं आणि दुरुस्तीचं काम मी सतरा वर्षं करतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून दीड-दोन लाखांच्या टीव्हीची चौकशी खेड्यातूनही होते. माणूस वर्षभर राबून ती रक्कम उभी करतो आणि मग दहा मिनिटांत, मोबाइलवरची सूट संपायच्या आत, ती घालवून बसतो. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून लिहितोय.

लाइन न तपासता टीव्ही आणणं

माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि टीव्हीच्या जाहिरातीत तिचा उल्लेख कधीच नसतो.

आमच्या ओळखीतले एक काका आहेत. बारा एकर कोरडवाहू, नवं स्लॅबचं घर, दोन्ही मुलं पुण्याला. मुलं सुटीत आली की सगळ्यांनी मिळून सिनेमा बघावा म्हणून त्यांनी ६५ इंची ओएलईडी टीव्ही घेतला. मीच बसवून दिला. तेव्हा म्हटलंही होतं, "काका, मेन बोर्डावर व्होल्टेजची सुरक्षा लावून घेऊ." ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी गल्लीतले बल्ब एकाएकी पांढरेफटक झाले, पंखे सुसाट फिरले आणि काकांच्या टीव्हीतून टचकन आवाज आला. मी पोचलो तेव्हा मीटर लावून पाहिलं, प्लगमध्ये ३४८ व्होल्ट. डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार निसटली होती.

आपल्या डीपीतून तीन फेज, म्हणजे करंटच्या तारा, आणि एक न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, निघते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. न्यूट्रल तुटला की दोन वेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडल्यासारखी होतात. ज्या बाजूला भार कमी, तिकडे व्होल्टेज चढतं. ज्याच्या घरी फक्त टीव्ही आणि दोन बल्ब चालू असतात, त्याचंच नुकसान आधी होतं.

काका ओसरीत डोक्याला हात लावून बसले होते. "एमसीबी तं नवीच बसवली व्हती ना गा. मंग काहून नाई पडली?" हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. एमसीबी पडते ती जास्त करंट वाहिल्यावर, शॉर्ट झाल्यावर. व्होल्टेज वाढलं हे तिला कळतच नाही. अमरावतीहून कंपनीचा माणूस आला, त्याने अहवालात जास्त व्होल्टेजने नुकसान असं लिहिलं आणि वॉरंटी तिथेच संपली. दुरुस्तीला अठ्ठावन्न हजार लागले.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. पन्नास इंचांच्या वरचा टीव्ही मी मेन बोर्ड पाहिल्याशिवाय लावत नाही. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर नावाचं छोटं उपकरण मेन स्विचजवळ बसतं. व्होल्टेज २७० च्या आसपास गेलं की ते लाइन तोडतं, ठीक झालं की आपोआप जोडतं. त्याच्या जोडीला एसपीडी, म्हणजे आभाळातल्या विजेने लाइनीत येणारा क्षणभराचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण. दोन्ही मिळून टीव्हीच्या किमतीपुढे किरकोळ आहेत. लोकांना मात्र कमी व्होल्टेजची धास्ती जास्त. टीव्हीच्या मागचं लेबल वाचा, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. रब्बीत रात्री मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज १६० वर आलं, तरी असा टीव्ही चालतो. घात होतो तो वरच्या टोकाला.

आता अर्थिंग. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीही तेच होतं, माती पाइपपासून सुटते, ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते जून आठवड्यातून दोनदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. खारपाणपट्ट्यात साधा लोखंडी पाइप लवकर गंजतो, म्हणून मी तांब्याचा मुलामा असलेला रॉड वापरतो. काम झालं की न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजतो. दोन-तीनच्या वर असेल, तर टीव्ही खोक्यातच राहतो.

आभाळ गरजायला लागलं की प्लग काढणं सगळ्यांना माहीत आहे. पण छत्रीची, म्हणजे डिशची, तार कोणी काढत नाही. वीज त्या तारेने सेट-टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआय केबलने थेट टीव्हीच्या मेन बोर्डात. दोन्ही काढा.

दुकानातला उजेड बघून पडदा निवडणं

शोरूममध्ये सगळे टीव्ही भडक मोडवर असतात आणि वर ट्यूबलाइटचा झगमगाट असतो. तिथे जो जास्त चमकतो तो चांगला वाटतो. घरी आणल्यावर सिनेमातल्या माणसांचे चेहरे शेंदरी दिसतात.

आधी स्वतःला विचारा, तुम्ही टीव्ही बघता कधी. रात्री जेवणं झाल्यावर, दिवा मालवून, मुख्यतः सिनेमे बघत असाल तर ओएलईडीला तोड नाही. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे अंधार खरोखर काळा दिसतो. पण बैठकीचं दार अंगणात उघडतं, दुपारभर ऊन आत येतं आणि दिवसाच क्रिकेट बघायचं असतं, अशा घरात मी मिनी एलईडी सांगतो. त्यात पडद्यामागे बारीक दिव्यांचे शेकडो गट असतात, ते गरजेप्रमाणे मंद-तेज होतात आणि उजेडाला पुरून उरतात. क्यूएलईडी हे नाव ओएलईडीसारखं वाटतं म्हणून कित्येकांची फसगत होते. तो मागून दिवा लावलेला एलसीडीच आहे, फक्त रंग चांगले करणारा क्वांटम डॉटचा थर त्यात असतो.

ओएलईडी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. बातम्यांच्या चॅनलचा बोधचिन्हाचा कोपरा किंवा गेममधली आयुष्याची पट्टी रोज सहा-सात तास एकाच जागी राहिली, तर तिचा डाग कायमचा पडू शकतो. दिवसभर बातम्या लावून ठेवणारे आजोबा घरात असतील तर हा टीव्ही त्यांच्यासाठी नाही. दुसरं म्हणजे, काही तास चालल्यावर हा टीव्ही रिमोटने बंद केला की आतल्या आत पडदा साफ करून घेतो, त्याला साधारण दहा मिनिटं लागतात. आपल्याकडे रात्री बोर्डावरचं बटण लगेच बंद करायची सवय. मग ती सफाई कधी होतच नाही. माझ्या घरी रिमोटने बंद करतो, दूध-विरजण होतं, मग बटण.

"१२० हर्ट्झ" हे शब्द वाचून भुलणं

माझा भाचा अकोल्याला इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वर्षी प्लेस्टेशन ५ या गेमच्या यंत्रासाठी त्याने रात्री बारा वाजता, सेल सुरू झाल्या झाल्या टीव्ही मागवला. मला कळलं तो घरी आल्यावर. जाहिरातीत मोठ्या अक्षरात १२० होतं, पण ते कंपनीने स्वतः ठरवलेलं मोशन रेट नावाचं मोजमाप होतं. पॅनल, म्हणजे मुळातला पडदा, ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० च चित्रं दाखवणारं. तो टीव्ही कसाबसा परत गेला. दुसरा टीव्ही नीट बघून घेतला, १२० हर्ट्झचं खरं पॅनल. तरी तीन दिवसांनी फोन आला, "मामा, यात एकशेवीस येऊन नाही राहिलं."

त्या तीन दिवसांत त्याने टीव्ही दोनदा पूर्ण रिसेट केला होता, गेम पुसून पुन्हा उतरवले होते आणि टीव्ही खराब आहे अशी तक्रारही टाकली होती. मी गेलो आणि आधी मागची बाजू बघितली. एचडीएमआयची चार छिद्रं, त्यांतली दोनच २.१ या नव्या प्रकारची. ४के, म्हणजे बारीक ठिपक्यांचं जास्त स्पष्ट चित्र, १२० हर्ट्झने जायला २.१ लागतं, त्यातून सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत माहिती जाते. जुन्या २.० मध्ये १८ च, म्हणजे ४के ला ६० हर्ट्झ. दोनांपैकी एका पोर्टात साउंडबार होता, कारण टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारी ईएआरसी सोय तिथेच होती. दुसरं रिकामं, आणि प्लेस्टेशन तिसऱ्याच पोर्टात. केबलही जुन्या सेट-टॉप बॉक्सची, कारण खोक्यातली भिंतीपर्यंत पुरत नव्हती. प्लेस्टेशनसोबत येते ती केबल या कामाचीच असते, ती कधी बाजूला टाकू नका. लांब हवी असेल तर अल्ट्रा हाय स्पीड लिहिलेलीच घ्या.

पोर्ट बदललं, केबल बदलली, तरी आलं नाही. शेवटचा अडथळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये होता. कित्येक टीव्हींमध्ये प्रत्येक पोर्टाचा सिग्नल साधा की वाढीव हे वेगळं ठरवावं लागतं. ते वाढीव केलं आणि प्लेस्टेशनच्या पडद्याच्या सेटिंगमध्ये १२० दिसलं. वीस मिनिटांचं काम. सगळं पुस्तिकेत लिहिलेलं होतं आणि पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघाली नव्हती. मी त्याला रागावलो, आजही त्याचं मला काही वाटत नाही. एवढी महाग वस्तू घेणाऱ्याने अर्धा तास वाचायला द्यायलाच हवा.

म्हणून घेण्याआधी तीनच गोष्टी विचारा: पॅनल मुळात किती हर्ट्झचं, २.१ ची पोर्टं किती, आणि साउंडबार लावल्यावर त्यांतली किती उरतात. व्हीआरआर आणि एएलएलएम असेल तर उत्तम. पहिल्याने चित्र फाटत नाही, दुसऱ्याने गेम सुरू होताच टीव्ही आपणहून गेम मोडवर जातो. गेम मोड नसेल तर बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल होणं यांत जाणवण्याइतका उशीर होतो आणि पोरं कंट्रोलरला दोष देत बसतात.

गेम खेळतच नसाल तरीही १२० चा उपयोग आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून ६० वर कॅमेरा संथ फिरताना हलका हिसका दिसू शकतो. मात्र टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे मधली चित्रं स्वतःच बनवून घालणं, बंद करा. ते चालू असलं की सिनेमा मालिकेसारखा दिसतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा आणि त्याला हात लावू नका.

कूलर

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ४४-४५ अंश नेहमीचं. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं असतं. टिनाखालच्या खोलीत दुपारी टीव्ही चालवूच नका. आणि कूलरचा झोत टीव्हीवर घेऊ नका. आपलं पाणी खारं, कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो तो सगळ्यांनी पाहिलाय. तोच क्षार हवेतल्या ओलाव्यासोबत टीव्हीच्या मागच्या फटींतून आत जातो. मी उघडलेल्या कितीतरी बोर्डांवर हिरवा गंज होता आणि प्रत्येक घरी कूलर समोरच्या खिडकीत होता.

बाकीच्या चुका, थोडक्यात

माप न घेणं. ६५ इंची टीव्ही सुमारे १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ उंच असतो. वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा चौकोन भिंतीवर करा आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसा. ४के साठी साडेसहा ते आठ फुटांचं अंतर या मापाला बरोबर बसतं.

टीव्ही छताजवळ टांगणं. घरातली निम्मी माणसं खाली चटईवर बसतात, मान त्यांची दुखते.

मातीच्या किंवा भेगाळलेल्या भिंतीवर वीस-बावीस किलोंचा टीव्ही लटकवणं. काळ्या मातीवरची घरं पावसाळ्यात हलतात, भेग खिळ्यापर्यंत येते. अशा घरी मी टेबलच सांगतो.

फ्री डिशचे साधे चॅनल मोठ्या पडद्यावर धूसर दिसतात म्हणून टीव्हीला नावं ठेवणं. दोष सिग्नलचा आहे.

इंटरनेटचा हिशेब न करणं. नेटफ्लिक्सवर ४के ला १५ एमबीपीएसचा वेग, सगळ्यात वरचा प्लॅन आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर ते सतरा मिनिटं चालेल.

डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक खुलवणारं चित्राचं तंत्र, हवंच असेल तर आधी बघून घ्या. सॅमसंगच्या टीव्हीत ते नसतं, त्याच कामाचं एचडीआर१० प्लस असतं. प्लेस्टेशन ५ ही डॉल्बी व्हिजन देत नाही, एक्सबॉक्स सिरीज एक्स देतो.

शेवटची चूक वाटेतली. अमरावतीहून छोट्या हत्तीत टीव्ही आडवा टाकून आणतात आणि त्यावर सिमेंटची पोती ठेवतात. पडदा उभाच आणायचा, दोन्ही बाजूंना गाद्या लावून, आणि मागे एक माणूस धरून बसवायचा. घरी आल्यावर खोका उघडताना पहिल्या टेपपासून मोबाइलवर चित्रण करा, टीव्ही लावा, पूर्ण पांढरा आणि पूर्ण करडा पडदा दाखवून रेघ किंवा तडा आहे का बघा, आणि मगच आणणाऱ्याच्या कागदावर सही करा. फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही.