नैसर्गिक रंग टिकत नाहीत? या चुका टाळा

बीटाचा लालभडक रस पाहून भुलू नका. मीही भुलले होते. पहिला पांढरा ओढणीचा तुकडा बीटात बुडवला आणि एका धुण्यात तो जवळजवळ कोरा झाला. बीट, जास्वंद हे रंग कापडावर धरत नाहीत. हळद धरते, पण उन्हात विटते आणि साबण लागला की लाल होते. टिकाऊ रंग हवा तर मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी), डाळिंबाची सालं, झेंडू घ्या. मंजिष्ठा मात्र खळखळ उकळू नका, लाल रंग विटकरी-तपकिरी होतो. पाण्यातून नुसत्या वाफा येतील एवढीच आच ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. नवं सुती कापड आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. पाणी पिवळट होतं, ती खळ आणि मेण. मग रंग धरावा म्हणून आधी हिरड्याच्या पाण्यात, नंतर तुरटीच्या पाण्यात भिजवा. १०० ग्रॅम सुक्या कापडाला १५ ग्रॅम तुरटी पुरते. पुण्यात रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात हिरडा, मंजिष्ठा दोन्ही मिळतात. भांडं स्टीलचं घ्या, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला नको. लोखंडी कढईत हिरडा पडला की काळी शाईच होते, झेंडूचा पिवळा शेवाळी होतो.

चित्रासाठी रंग करताना वेगळीच गडबड होते. दसऱ्यानंतर मंडईत झेंडूचे ढीग उरतात, तेव्हा मी पाकळ्या उकळून गाळते. लिटरभर गरम रंगात १० ग्रॅम तुरटी विरघळवायची, मग ५ ग्रॅम धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी चमचा-चमचा घालायचं. एकदम ओतलंत तर फेस भांड्याबाहेर येतो. रात्रभरात पिवळा साका तळाशी बसतो. तो मलमलीवर गाळून दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. हे धुणं टाळलं की वाळलेल्या चित्रावर पांढरे खडे उमटतात. साका पूर्ण वाळल्यावरच खलून बाभळीच्या डिंकात मिसळा. पावसाळ्यात ओलसर राहिला तर बुरशी येते. डिंकात लवंगतेलाचा एक थेंब टाका.

आणि कृपा करून रंग पक्का करायला मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) वापरू नका. रंग पक्का होतो खरा, पण ते पाणी मोरीतून नाल्यात, नाल्यातून मुठा नदीत जातं आणि माशांना ते विष आहे. तुरटीवर रंग थोडा फिका आला तर येऊ दे.