दिल्लीत एकच दिवस? खान्देशातून निघालेल्यांनो, या चुका टाळा

हरिद्वार नाहीतर वैष्णोदेवी करायची आणि परतताना मधला एक दिवस दिल्लीला काढायचा, हा आपल्या जळगाव-भुसावळकडच्या लोकांचा ठरलेला बेत. सकाळी एका गाडीतून उतरायचं, संध्याकाळी दुसरीत बसायचं. मीही असाच नऊ जणांचा गोतावळा घेऊन गेलो होतो. त्यात गुडघेदुखीवाली मावशी आणि चार वर्षांचा भाचा. निम्म्या चुका आम्ही केल्या, निम्म्या दुसऱ्यांना करताना पाहिल्या.

सोमवार

तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, लोटस टेंपल, अक्षरधाम, सगळं सोमवारी बंद. सोमवारच पदरात पडला तर कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि इंडिया गेट यांवर दिवस मजेत निघतो, रडत बसू नका. स्वातंत्र्यदिनाच्या आधीही तयारीसाठी लाल किल्ला बंद ठेवतात, आणि जानेवारीत परेडच्या तालमींमुळे कर्तव्यपथाकडचे रस्ते अडवलेले असतात.

स्टेशनवरच दिवसाची माती

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. १ नंबर फलाटाकडे पहाडगंज, १६ नंबरकडे अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला. आम्ही गर्दीच्या मागोमाग पहाडगंजला बाहेर पडलो. तिथे एका रिक्षावाल्याने सांगितलं, मेट्रो आज बंद आहे, मी सगळी दिल्ली फिरवतो. त्याने आधी नेलं ते शालींच्या दुकानात. मेट्रो बंद, रस्ता बंद, किल्ला बंद असं कुणी आपणहून सांगायला लागलं, की हसून पुढे चालायचं.

सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, बिनकुलपाची घेत नाहीत. बॅगांना कुलपं होती आमच्या. पण दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीची कापडी पिशवी? तिला कुठलं कुलूप? ती दिवसभर मेहुण्याच्या खांद्यावर होती. प्रवासाचं जेवणही चेनवाल्या बॅगेत भरा.

आणि परतीचं स्टेशन. हे तिकिटावर दोनदा वाचा. कर्नाटक एक्स्प्रेस, पंजाब मेल पकडायची नवी दिल्लीला. गोवा एक्स्प्रेस आणि मंगला सुटतात हजरत निजामुद्दीनहून. जुनी दिल्ली हे तिसरंच स्टेशन, आणि हरिद्वारकडून येणारी गाडी तिथेही आणून सोडू शकते. संध्याकाळच्या गर्दीत एका स्टेशनवरून दुसऱ्यावर धावणं म्हणजे गाडी गेलीच समजा. निजामुद्दीनला उतरणार असाल तर मात्र फायदा आहे: हुमायूनची कबर तिथून अगदी जवळ, तीच आधी उरका.

मेट्रोत घर फुटतं

एकाच स्मार्ट कार्डवर सगळ्यांना आत घेता येत नाही, माणशी एक कार्ड किंवा तिकीट लागतं. तीन फुटांखालच्या मुलांना तिकीट नाही. पहिला डबा बायकांचा. आमचे काका सवयीने त्यात चढले आणि सगळ्या डब्याने त्यांना खाली उतरवलं.

खरी गंमत चांदणी चौकात झाली. आमच्यातले पाच जण चढले, दार लागलं, मावशी, भाचा आणि आम्ही दोघं फलाटावर. आतून हातवारे, बाहेरून हातवारे, कुणाला काही कळेना. त्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून आमच्याकडे परत यायला गाडी धरली, आणि त्याच वेळी आम्ही त्यांच्याकडे निघालो. मग घरातून निघण्याआधीच ठरवून टाका: मागे राहिलेल्याने पुढची गाडी पकडायची, पुढे गेलेल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून थांबायचं. अक्षरधामला तर हे आणखी लागू, कारण तिथे मोबाइल आणि बॅगा बाहेर जमा कराव्या लागतात. आत चुकामूक झाली तर फोन कशाने लावणार? भेटायची जागा आणि वेळ आत शिरण्याआधी ठरलेली हवी.

यादी लांब, पाय तेवढेच

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. लोक दिल्ली म्हणजे एक गाव समजतात आणि आठ ठिकाणांची यादी करतात. लाल किल्ला उत्तरेला शाहजहानच्या दिल्लीत, कुतुबमिनार पार दक्षिणेला मेहरौलीत. मेट्रोच्या पिवळ्या मार्गाने चांदणी चौक, केंद्रीय सचिवालय, कुतुबमिनार हे एका दोरीत येतं खरं, पण ‘कुतुबमिनार’ स्टेशन म्हणजे मिनारचं दार नव्हे, पुढे रिक्षा करावीच लागते. केंद्रीय सचिवालयाहून इंडिया गेटही फोटोत दिसतं तितकं जवळ नाही. अर्ध्या वाटेत मावशी फूटपाथच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, “इतलं चालाचं होतं त घरीच राह्यली असती मी.” तिचं काय चुकलं? घरात सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायाने दिवस आखायचा. सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारनंतर एक, संध्याकाळी इंडिया गेट. बस.

इंडिया गेटखाली बरेच जण अजून अमर जवान ज्योत शोधतात. ती जानेवारी २०२२ मध्ये मागच्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली. हे स्मारक २०१९ चं. भिंतींवर शहीद जवानांची नावं कोरलेली आहेत. आपल्या तालुक्यातलं एखादं नाव ठाऊक असेल तर वेळ काढून शोधाच. मुलांना इंडिया गेटच्या सेल्फीपेक्षा तेच लक्षात राहतं.

राष्ट्रपती भवन आतून बघायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ तिथे होत्या, त्यामुळे आपल्याकडच्या आयाबायांना ते माहेरच वाटतं. नोंदणी नसेल तर लांबूनच नमस्कार.

थंडीचं एक सांगायचं राहिलं. जळगावच्या उन्हाची सवय आहे म्हणून दिल्लीच्या उन्हाळ्याचं काही वाटत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आपला पातळ स्वेटर तिथे पुरत नाही. धुक्याने गाड्याही तासन् तास लेट होतात. त्या दिवसांत सकाळी सहाला उतरायचा बेत असेल तर दुपार धरूनच चाला, आणि यादीतलं पहिलं नाव निघण्याआधीच खोडा. आम्ही लाल किल्ला खोडला. मावशी खूश, मेहुणा अजून बोलून दाखवतो.